त्यात काय एवढं!

माणसाच्या उत्साहावर पाणी ओतण्याचे जे जे उपाय आपल्या भाषेत आहेत, त्यांत 'त्यात काय एवढं!' या तीन शब्दांची सर दुसऱ्या कशालाही नाही. शिवीला उलट शिवी देता येते, टीकेला उत्तर देता येते, थट्टा असेल तर आपणही हसून वेळ मारून नेता येते. या तीन शब्दांपुढे मात्र वाचाच बसते. नव्या सुनेच्या अनारशांना बेताची जाळी पडावी, तिने हौसेने ताट पुढे करावे आणि आत्याबाईंनी एक तुकडा मोडत म्हणावे, "गुळाचं प्रमाण साधलं की जाळी पडतेच, त्यात काय एवढं!" बोलणे खोटे नाही. म्हणूनच तर ते झोंबते.

हे तीन शब्द स्वयंपाकघरात नांदतात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये नांदतात आणि काळा झगा चढवून मोठमोठ्या न्यायासनांवरही बसतात. तिथे त्यांना भारदस्त नाव असते, पण प्रश्न आत्याबाईंचाच असतो. आमच्या शेजारी एक वकील राहतात. पेटंटांचे खटले हा त्यांचा खास विषय. त्यांच्या गच्चीवरच्या गप्पांतून आणि त्यांनी वाचायला दिलेल्या निकालपत्रांतून या प्रश्नाची जी गंमत कळली, ती या खेपेस आपल्या सदरात सांगावी म्हणतो. मराठीच्या प्राध्यापकाने कायद्यात नाक खुपसू नये, हे खरेच. पण नवे कशाला म्हणावे आणि ते तसे आहे हे कोणी ठरवावे, या वादावर तर आम्हां साहित्याच्या लोकांची पोटे भरतात. तेव्हा थोडाफार अधिकार आहेच.

शिडीचेच उदाहरण घ्या. दिवाळीच्या आधी रंगारी घरात येतो तो बरोबर 'घोडा' घेऊनच. घोडा म्हणजे काय, तर दोन शिड्या माथ्याशी बिजागरीने जोडायच्या आणि पाय फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी नाही तर दोरी बांधायची. भिंतीचा आधार नको, आणि काम झाले की मिटून कोपऱ्यात उभा. आता समजा, एखाद्याने या घोड्याला काही नवी जोड दिली. गोल दांड्यांऐवजी पाऊल ठरेल अशा सपाट फळ्या बसवल्या, साखळीऐवजी आपोआप अडकणारा खटका लावला. तो पेटंट कचेरीत अर्ज करतो. तिथला परीक्षक म्हणतो, "शिडी जुनी, बिजागरी जुनी, खटकाही जुनाच. तिन्ही एकत्र केले, त्यात काय एवढं!" अर्जदार चिडतो, अपील करतो. आणि मग चांगली शिकलीसवरली माणसे एका शिडीभोवती बसून दिवसचे दिवस वाद घालतात. शिडी मजबूत आहे की नाही, हा वाद नसतो. ती उपयोगी आहे की नाही, हाही नसतो. वाद एवढाच की, ही गोष्ट त्या धंद्यातल्या कोणालाही सुचली असती का? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या जॉन बॉल्स्ली याला घडीच्या शिडीचे पेटंट मिळाले ते १८६२ साली. तेव्हापासून आजवर शिडीच्या कामात काडीचाही फरक पडलेला नाही. माणसाला वर चढवायचे आणि शक्य तर धडपणे खाली उतरवायचे. तरी तिच्यावर पेटंटे निघतच असतात आणि तिच्यावरून भांडणेही.

'पेटंट' हा शब्द आपण मराठीत फार सैल हाताने वापरतो. मामांचा पेटंट विनोद, अमक्या नटाची पेटंट लकब. सरकारी परिभाषेत त्याला 'एकस्व' म्हणतात. पण तो शब्द कोशाचा उंबरा ओलांडून रस्त्यावर आलेला मला तरी भेटलेला नाही. कायद्यातले पेटंट हा एक सौदा असतो. सरकार म्हणते, तुझी युक्ती काही हातचे न राखता लिहून दे; बदल्यात ठराविक वर्षे ती तुझ्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणाला वापरू देणार नाही. मुदत संपली की ती सगळ्यांची. आपल्या देशात हा कायदा आला १८५६ साली, आणि पहिला अर्ज केला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या एंजिनियराने, त्याच वर्षीच्या ३ मार्चला. शोध कसला म्हणाल, तर छताचा पंखा ओढण्याच्या यंत्राचा! हिंदुस्थानातली पहिली नोंदलेली कल्पकता साहेबाच्या घामातून जन्माला आली. व्हरांड्यात बसून पंख्याची दोरी ओढणाऱ्या माणसाने त्या यंत्राविषयी काय म्हटले असते, ते विचारण्याचे ते दिवस नव्हते.

या सौद्यात अटी तीन. वस्तू नवी हवी, उपयोगाची हवी आणि 'उघड' नको. पहिल्या दोन अटींचा निकाल पुरावा पाहून लागतो. तिसरी अट मात्र भल्याभल्यांना घाम फोडते. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे, त्याचे मूळ लॅटिनमध्ये. वाटेवर समोर येणारे, असा त्याचा अर्थ. म्हणजे चालता चालता पायांत येते ते. आपला 'उघड' हा शब्द मला त्याहून अधिक बोलका वाटतो. उघड म्हणजे उघडलेले. कपाटाचे दार उघडे दिसले तर ते कोणाच्या तरी हाताने उघडले असणार! एकदा उघडल्यावर आतले डबे सर्वांनाच दिसतात, आणि मग डबे तिथे होतेच की, असे म्हणायला आपण मोकळे.

कोलंबसाच्या अंड्याची गोष्ट शाळेत आपण सर्वांनीच वाचली आहे. अंडे टोकावर उभे करून दाखवा म्हटल्यावर मेजवानीतल्या एकालाही जमले नाही. कोलंबसाने बुडाशी हलकेच ठेचले आणि ते उभे केले. ही गोष्ट छापली गेली १५६५ साली, कोलंबस जाऊन साठ वर्षे होत आल्यावर. आणि गंमत अशी की, त्याच्याही पंधरा वर्षे आधी वासारी नावाच्या इटालियन ग्रंथकाराने हीच अंड्याची गोष्ट फ्लॉरेन्सच्या देवळाचा घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या नावावर सांगितली होती. कल्पनेच्या मालकीचा दाखला म्हणून जी गोष्ट जगभर सांगतात, तिची स्वतःचीच मालकी अशी संशयास्पद आहे.

१८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दाराच्या मुठीचा खटला आला. मुठी तोवर लाकडाच्या किंवा धातूच्या असत आणि त्या दांडीवर पक्क्या बसवण्याची एक रीत माहीत होती. कोणी एकाने त्याच रीतीने चिनी मातीची मूठ बसवली. न्यायालय म्हणाले, हे हुशार मिस्त्रीचे काम झाले, संशोधकाचे नव्हे, पेटंट नाही. त्या न्यायासनावर वुडबरी नावाचे एक न्यायमूर्ती मात्र वेगळ्या मताचे निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते. वस्तू नवी आहे ना? आधीपेक्षा चांगली किंवा स्वस्त आहे ना? मग ती शोधताना माणसाच्या डोक्याला किती ताण पडला याची चौकशी तुम्हांला हवी कशाला? हे वुडबरी मला फार आवडले. पण ते एकटे पडले, आणि तेव्हापासून कायद्याला मिस्त्री आणि संशोधक यांच्यामधली रेघ ओढत बसावे लागले आहे. ती रेघ ज्याने त्याने आपापल्या जागी ओढली.

पुढे ९० वर्षांनी त्याच न्यायालयाने ती फारच वर नेऊन ठेवली. मोटारगाडीत सिगारेट पेटवण्याचे एक उपकरण असे. तापले की आपोआप सुटून येणारे. त्याच्या खटल्यात १९४१ साली न्यायालय म्हणाले की, नुसते कौशल्य पुरे नाही, प्रतिभेची वीज चमकली पाहिजे! वीज चमकली की नाही, हे न्यायमूर्तींनी कसे ओळखायचे? आमच्या काव्यशास्त्रात प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास अशी काव्याची तीन कारणे सांगतात. न्यायालयाने पहिले तेवढे घेतले आणि बाकीची दोन वाऱ्यावर सोडली. शेवटी १९५२ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाला कायद्यातच लिहावे लागले की, शोध कोणत्या तऱ्हेने लागला यावरून त्याची किंमत करू नये. वीज चमकून सुचलेले आणि दहा वर्षे घासून सुचलेले, दोन्ही सारखेच. अभ्यासाला कायद्याने पुन्हा पाटावर बसवले म्हणायचे.

तरी एक प्रश्न उरलाच. 'कोणालाही सुचले असते' म्हणतात, तर तो 'कोणीही' म्हणजे कोण? न्यायमूर्ती स्वतः? त्यांना तर बिजागरीचा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हेही ठाऊक असेलच असे नाही. मग न्यायालयांनी एक काल्पनिक माणूस तयार केला. त्याचे नाव 'कुशल कारागीर'. त्याचे सर्वांत चांगले वर्णन इंग्लंडच्या लॉर्ड रीड यांनी १९७२ साली केले. हा गृहस्थ आपल्या धंद्यात वाकबगार असतो. त्या विषयावरचे जेवढे म्हणून छापलेले आहे तेवढे त्याने वाचलेले असते आणि सगळे त्याच्या ध्यानात असते. मात्र स्वतःच्या डोक्याने नवे असे एक अक्षरही त्याला सुचत नाही! हे वाचले आणि माझ्या डोळ्यांसमोर वर्गातले पहिले बाक उभे राहिले. सगळी गाइडे मुखोद्गत, सगळ्या वह्या आखीव, आणि 'तुम्हांला स्वतःला ही कविता कशी वाटली?' असे विचारले की खाली मान. या मुलांकडे बघून कधी काळी कायदा ठरेल, असे मात्र मनात आले नव्हते. अमेरिकेच्या न्यायालयाला अलीकडे, २००७ साली, मोटारीच्या पेडलच्या एका खटल्यात या काल्पनिक माणसाची थोडी दया आली. तो अगदीच यंत्रमानव नव्हे, त्यालाही बेताची अक्कल असते, असे त्यांनी ठरवले. याचा परिणाम उलटाच झाला. कारागिराला जितकी अक्कल द्यावी, तितक्या अधिक गोष्टी त्याला 'सहज सुचणाऱ्या' ठरतात, आणि खऱ्याखुऱ्या माणसाचे पेटंट तितके अवघड होते. काल्पनिक माणसाच्या बुद्धीला पगारवाढ मिळाली, ती खऱ्या माणसाच्या खिशातून!

याहून मोठी अडचण आहे ती पश्चातबुद्धीची. कोडे घातले की सगळे गप्प, उत्तर सांगितले की "हात्तिच्या! एवढंच होय!" न्यायालयापुढे जी गोष्ट येते ती नेहमी उत्तरासकट येते. सुटलेले कोडे पुढ्यात ठेवून, ते न सुटलेल्या माणसाच्या डोक्यात शिरायचे, हे काम काही सोपे नाही. वकील तर हुशार असतातच. अमुक ग्रंथाच्या पानावर खटका आहे, तमुक सालच्या अर्जात बिजागरी आहे, दोन्ही जोडले की शिडी तयार, असे ते पटवून देतात. वरातीमागून आलेले घोडे, पण ते असे डौलात नाचत येते की वरातीच्या पुढेच होते असे वाटावे.

या घोड्याला ज्यांनी नीट लगाम घातला, असे एक न्यायमूर्ती इंग्लंडात होऊन गेले. त्यांचे नाव ह्यू लॅडी. खटला होता लहान मुलाच्या पेल्याचा. मॅन्डी हेबरमन नावाच्या एका आईने १९९० साली एका घरी पाहिले की, दुडदुडणाऱ्या पोराच्या हातातला पेला कलंडला आणि काळ्या द्राक्षासारख्या गडद रंगाचा रस फिकट गालिच्यावर सांडला. घरोघर होते तेच. झाकणाच्या तोटीत चीर पाडलेला एक पातळ रबरी पडदा बसवून बाईंनी असा पेला केला की, मूल ओढील तेव्हाच रस येतो. एरवी उलटा केला तरी थेंब गळत नाही. पेला निघाला तसा हातोहात खपला आणि बाजारातल्या एका मोठ्या कंपनीनेही तसाच पेला काढला. खटला उभा राहिल्यावर कंपनीचे म्हणणे काय? चीर असलेला पडदा जुनाच, पेला जुना, झाकण जुने. त्यात काय एवढं! न्यायमूर्तींनी १९९९ साली निकाल दिला. बाईंनी टाकलेले पाऊल लहान आहे आणि अगदी साधे आहे, हे त्यांनी मान्य केले. पण त्यांनी उलट विचारले की, हे इतके साधे होते, सामानही वर्षानुवर्षे बाजारात मिळत होते, आणि सांडणारा पेला ही तर घरोघरची तक्रार होती. मग ज्यांचा धंदाच मुलांचे पेले विकण्याचा, त्यांना इतकी वर्षे हे सुचले का नाही? या प्रश्नाला उत्तर नव्हते. पेटंट टिकले.

मला वाटते, 'त्यात काय एवढं' म्हणणाऱ्याला विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच. मग तुम्ही का नाही केलेत?

अर्थात हा प्रश्न दर वेळी लागू पडतो असे नाही. कधी कधी 'आम्ही केलं होतं' असेही उत्तर येते. कॅलिफोर्नियातल्या दोघांनी १९६८ च्या सुमारास लाटांवर तरंगणाऱ्या फळीला शीड लावले. हाताने धरायचे आणि हवे तसे वळवायचे शीड. त्याचे पेटंट घेतले आणि तो खेळ जगभर पसरला. इंग्लंडात त्यावरून १९८० च्या दशकात खटला झाला, तेव्हा बचावपक्षाने पुरावा आणला तो हेलिंग बेटावरच्या एका मुलाचा. पीटर चिल्व्हर्स हा मुलगा बाराएक वर्षांचा असताना, १९५८ साली, सुटीत तशीच एक फळी स्वतः करून तिच्यावर समुद्रात खेळत असे. सर्वांच्या देखत, दोन उन्हाळे. त्याने ना पेटंट घेतले, ना कंपनी काढली. शाळा सुरू झाल्यावर फळी ठेवून दिली असेल. अपिलाच्या न्यायालयाने पेटंट रद्द केले. त्यांत मुलाच्या शिडाची आडवी दांडी सरळ होती आणि पेटंटातली कमानदार, असा एक भेद पुढे आला. न्यायालय म्हणाले, सरळ दांडीही वारा भरला की वाकून कमान होतेच. एका शाळकरी मुलाच्या सुटीतल्या खेळापुढे मोठ्यांच्या धंद्याचे काही चालले नाही, हे वाचून कोणाला आनंद होणार नाही?

आपल्याकडची विळी पाहा. एका पाटावर उभे पाते, पाय दाबून ते पक्के धरायचे, दोन्ही हात भाजीला मोकळे; आणि पात्याच्या टोकाला खोबरे खवण्याची दातेरी खवणी. एकाच वस्तूत सुरी, खवणी आणि बैठक! ती कोणी काढली, कुठल्या गावच्या लोहाराने पहिले पाते वळवले, कुठल्या बाईने 'इथं टोकाला जरा दाते पाड' म्हणून सांगितले, याची नोंद कोणत्याही कचेरीत नाही. विळीपुढे बसून "त्यात काय एवढं" म्हणणारी माणसे मात्र पिढ्यान्पिढ्या तिच्यावरच चिरलेली भाजी जेवली.

आता ज्या खटल्यासाठी हे सगळे सांगितले, त्याकडे येतो. तो आपल्या देशातला आहे आणि दिवाळीला शोभण्यासारखा आहे, कारण तो पितळेच्या भांड्यांचा आहे. पुण्याच्या तांबट आळीतून ज्यांनी कधी चक्कर मारली असेल, त्यांच्या कानांत हातोडीचे ठोके अजून घुमत असतील. ते झाले हाताचे काम. उत्तर प्रदेशातले मिर्झापूर हे पितळी भांड्यांचे असेच जुने गाव. तिथे भांडी लेथवरही चढवतात. भांडे गरगर फिरते ठेवायचे आणि त्याला पोलादी हत्यार लावून खरवडायचे, म्हणजे वरची राप निघून आतली झळाळी येते. बघायला फार सुरेख. मात्र एक संकट असे. फिरते भांडे लेथच्या तोंडावरून निसटे आणि उडे. तपेले म्हणा, तांब्या म्हणा, एवढ्या वेगाने फिरणारी धातूची वस्तू कामगाराच्या अंगावर आली तर काय होईल, ते सांगायला नको.

तिथल्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीच्या एका भागीदाराने १९५१ साली यावर उपाय काढला. भांड्याच्या आकाराला जुळेल असा तुकडा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूने दाबून धरणारा दांडा. दोन्हींच्या मध्ये भांडे घट्ट. काम सुरक्षित झाले, भराभर होऊ लागले, सफाईही वाढली. पेढीने पेटंट घेतले. ते ६ मे १९५३ रोजी मिळाले आणि त्याचा अंमल धरला १३ डिसेंबर १९५१ पासून. मध्यंतरी गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या पेढीने तीच रीत वापरायला घेतल्याचे कळले. नोटीस गेली, दावा लागला. प्रतिपक्षाने उलट मागणी केली की, हे पेटंटच रद्द करा. यात नवे काही नाही आणि जे आहे ते उघड आहे.

अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. त्यावर अपील झाले. दोन न्यायमूर्तींनी ते पुन्हा जिवंत केले. प्रकरण दिल्लीला गेले. तिथे न्यायमूर्ती रणजितसिंग सरकारिया यांनी निकालपत्र लिहिले. केंद्र आणि राज्ये यांच्या संबंधांवरच्या आयोगामुळे पुढे ज्यांचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाले, तेच हे. त्यांनी कसोटी ठेवली ती अशी. धंद्यातला एक जाणता कारागीर घ्या. त्याच्यापुढे तीच अडचण ठेवा. पेटंटातली युक्ती त्याला दाखवू नका. त्याआधीचे सगळे ज्ञान मात्र त्याच्या हाती द्या. ते पाहून तो म्हणेल का, की मला हवे ते यातच आहे? न्यायालयाचे उत्तर आले, होय, म्हणेल. मागून आधार देणारा दांडा लेथला कितीतरी दशकांपासून असतोच. तो भांड्यांच्या कामाला थोड्या फरकाने लावला, एवढेच. ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा झाली, शोध नव्हे. कारागिराच्या आवाक्याबाहेरचे त्यात काही नाही. पेटंट कचेरीने शिक्का मारला म्हणजे पेटंट पक्के झाले, असेही समजू नका, असे न्यायालयाने बजावले. भारतात या विषयावर कुठेही वाद निघाला की वकील अजूनही याच निकालाचे बोट धरून पुढे जातात.

निकाल मला पटतो. एका गावातल्या सगळ्या लेथवाल्यांना दांडा लावण्यासाठी एका पेढीची परवानगी मागत फिरायला लावणे बरे दिसले नसते. आणि परवानगी मिळेतोवर भांडी उडतच राहिली असती. ज्या सुधारणेने कामगाराची बोटे वाचतात, ती जितक्या लवकर सर्वांची होईल तितकी बरी. पण 'कारखान्यातली सुधारणा' या शब्दांमागे जो एक 'नुसती' दडलेला असतो, तो मात्र माझ्या गळ्याखाली उतरत नाही. दांडा कितीतरी दशके लेथवर होता, भांडीही होती, ती उडतही होती. दोन्हींची गाठ घालून द्यायला कोणी तरी लागलेच ना? मॅन्डीबाईंच्या पेल्याला विचारलेला प्रश्न मिर्झापूरच्या तांब्याला विचारला असता तर काय उत्तर आले असते, कोण जाणे. तो प्रश्न विचारला गेला तो वीस वर्षांनंतर आणि हजारो मैल दूर.

शिवाय मौज पाहा. एका न्यायमूर्तींना जे उघड वाटले, ते पुढच्या दोघांना वाटले नाही. आणि त्या दोघांना जे वाटले नाही, ते सर्वोच्च न्यायालयाला वाटले. सगळे एकाच लेथकडे पाहत होते. गोष्ट उघड आहे किंवा नाही, एवढेच काय ते उघड नव्हते!

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १३ डिसेंबर १९७८ रोजी. पेटंटाचा अंमल धरला होता तो १३ डिसेंबर १९५१ पासून. बरोबर सत्तावीस वर्षे, दिवसाला दिवस. त्या वेळी लागू असलेल्या १९११ च्या कायद्याप्रमाणे पेटंटाचे आयुष्य सोळा वर्षांचे. म्हणजे जे रद्द झाले, ते कोणी रद्द केले नसते तरी निकालाच्या अकरा वर्षे आधीच आपल्या मरणाने संपले होते. मग इतकी वर्षे हे चालले तरी कशासाठी, असे मी आमच्या शेजारच्या वकिलांना विचारले.

"नुकसानभरपाईचा प्रश्न असतो, खर्चाचा असतो," ते म्हणाले. मग चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "आणि दोन्ही पेढ्या एकाच गावच्या होत्या ना."